पाडव्याला वही उघडा : चैत्रातली कामं आणि वर्षाचा आराखडा

कोल्हारच्या बचत गटांकडून आम्ही बोलतोय. हातातलं काम थांबवू नका, निवडता-टिपता ऐका. फक्त जवळ एक वही आणि पेन्सिल असू द्या, कारण आज थोडा हिशेब मांडायचा आहे.

सध्या आपल्या शिवारात काय चाललंय ते आपल्याला वेगळं सांगायला नको. गहू निघतोय, हरभरा खळ्यावर आलाय. उन्हाळ कांद्याच्या माना पडायला लागल्यात. ऊस तुटून गेला तिथं खोडव्याची तयारी आहे. पेरूची बाग मृग बहारासाठी ताणावर सोडायचे दिवस जवळ आलेत. गायांना ऊन सोसवत नाही. आणि या सगळ्यात घरात कुरडयांचा गहू भिजत पडलाय, पापडाचं पीठ मळायचं आहे, मुलांच्या परीक्षा आहेत. फाल्गुन सरता सरता बाईच्या दिवसाला दोन टोकं असतात, पण मधे बसायला जागा नसते.

यंदा गुढीपाडवा १९ मार्चला आहे. पाडव्याला आपल्याकडे सालगड्याचं साल ठरतं. देवळात पंचांग वाचतात, पाऊसपाणी सांगतात. म्हणजे शेतकऱ्याचं वर्ष खरं तर इथं बदलतं. सालगड्यालासुद्धा समोर बसवून विचारतात, साल किती, धान्य किती, सुट्टी कधी. पण घरची बाई सालभर त्याच रानात राबते, तिला कोणी समोर बसवून विचारत नाही की यंदा कोणत्या तुकड्यात काय करायचं. कांदा लावायचा हे तिला रोपं उपटायच्या दिवशी कळतं. गाय विकायची हे व्यापारी दारात आल्यावर कळतं.

म्हणून आज आम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे. चैत्रातलं सगळ्यात मोठं काम रानात नाही, वहीत आहे. वर्षाचा आराखडा आत्ता ठरतो, आणि तो ठरताना आपण तिथं असलं पाहिजे. त्यासाठी चार हिशेब लागतात: पाण्याचा, वैरणीचा, बियाण्याचा आणि पैशाचा. पाचवी गोष्ट आहे नावाची. ती शेवटी सांगतो.

पहिला हिशेब पाण्याचा

आपलं गाव प्रवरेच्या काठावर. अलीकडं कोल्हार बुद्रुक आणि भगवतीपूर, पुलापलीकडं राहुरी तालुक्यातलं कोल्हार खुर्द. आपल्या पाण्याची सुरुवात मात्र तिकडं अकोले तालुक्यात, रतनगडाच्या पायथ्याशी होते. भंडारदरा धरण १९२६ साली पुरं झालं, म्हणजे यंदा त्याला शंभर वर्षं होतायत. धरणात साठा सुमारे ११ टीएमसी. तिथून पाणी नदीनं ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात. या पाटाच्या पाण्यावर आपल्या भागात ऊस आला, आणि उसावर १९५० साली लोणीचा सहकारी कारखाना उभा राहिला.

पाटाचं पाणी आलं तसं एक दुखणंही आलं. पाणी आलं की भरून घ्यायचं, कारण पुन्हा कधी येईल त्याचा भरवसा नाही, ही सवय लागली. त्यानं सखल भागातली कितीतरी रानं चोपण झाली, पांढरी पडली. म्हणजे पाणी कमी पडलं तरी नुकसान आणि जास्त झालं तरी नुकसान.

पाटाच्या आवर्तनासाठी पाणीमागणीचा अर्ज, ज्याला आपण सात नंबर फॉर्म म्हणतो, तो वेळेत भरावा लागतो. उन्हाळ्यात किती आवर्तनं मिळणार ते धरणातल्या साठ्यावर ठरतं. आपल्या घरचा फॉर्म भरला का, कोणत्या गटाचा भरला, किती क्षेत्राचा भरला, हे आपल्याला माहीत आहे का? नसेल तर आज संध्याकाळी विचारा. वहीत पहिली ओळ तीच लिहा.

पण आराखडा पाटाच्या भरवशावर करायचा नाही. तो आपल्या विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यावर करायचा, आणि पाटाचं पाणी आलं तर ती बरकत समजायची. विहिरीचं पाणी मोजणं अवघड नाही. मोटारीच्या पाइपाखाली दोनशे लिटरचा ड्रम धरा आणि किती सेकंदांत भरतो ते बघा. समजा तीस सेकंदांत भरला. म्हणजे मिनिटाला चारशे लिटर, तासाला चोवीस हजार लिटर. आता सलग किती तास मोटार चालते, मग पाणी तुटतं, ते घड्याळात बघा. समजा दोन तास. म्हणजे दिवसाला अठ्ठेचाळीस हजार लिटर पाणी आपल्या हातात आहे.

हे पाणी किती रानाला पुरेल? एक एकर रानावर एक सेंटिमीटर उंचीचं पाणी उभं केलं तर ते होतं सुमारे चाळीस हजार लिटर. मे महिन्याच्या उन्हात वाढत्या पिकाला रोज सहा-सात मिलिमीटर पाणी लागतं. म्हणजे एकरी चोवीस ते अठ्ठावीस हजार लिटर. ठिबक असेल तर आपले अठ्ठेचाळीस हजार लिटर जेमतेम पावणेदोन एकराला पुरतील. दांडानं पाणी दिलं तर वाटेतच बरंच मुरतं, तेव्हा एकर-सव्वा एकराच्या पुढं जाऊ नका.

आता एक घर डोळ्यांसमोर आणू. तीन एकर रान. एक एकर खोडवा उभा आहे. गायांसाठी वीस गुंठे मका हवी आहे. उरलेल्या दीड एकरातला कांदा आता निघेल. घरात विचार चाललाय की कांदा निघाला की त्यातल्या एक एकरात उन्हाळी भुईमूग टाकू. हिशेब करा. खोडवा एक, मका अर्धा, भुईमूग एक, झाले अडीच एकर. रोज पासष्ट हजार लिटरच्या आसपास पाणी लागणार, आणि आहेत अठ्ठेचाळीस हजार. त्यात वैशाखात विहीर उतरून दोन तासांची मोटार एक तासावर आली, तर चोवीस हजार. मग भुईमूगही जातो, मकाही जाते आणि खोडवाही वाळतो. त्यापेक्षा ते दीड एकर रान नांगरून तापू द्यावं. उन्हात तापलेल्या रानातले किडींचे कोष आणि तणांच्या काशा मरतात, पहिला पाऊस खोल मुरतो. मोकळं ठेवलेलं रान वाया गेलेलं नसतं.

दर आठवड्याला, सोमवार तर सोमवार, मोटार किती वेळ चालली ते वहीत लिहा. तीन-चार ओळी झाल्या की विहीर किती वेगानं उतरते ते आपोआप दिसतं. मोटार चालू-बंद करायला बहुतेक वेळा आपणच जातो. त्यामुळं ही नोंद आपल्याइतकी चांगली कोणी ठेवू शकत नाही.

दुसरा हिशेब वैरणीचा

यंदा एक गोष्ट ध्यानात ठेवा. यंदा ज्येष्ठ अधिक आहे. १७ मे ते १५ जून अधिक महिना. पावसाची नक्षत्रं मात्र सूर्यावर चालतात, त्यामुळं मृग दरवर्षीप्रमाणं ८ जूनच्या आसपासच निघणार. पण तो यंदा अधिक महिन्यातच येईल. "ज्येष्ठात पेरणी, आषाढात वैरण" असा महिन्यांचा अंदाज धरून चाललो तर घोटाळा होईल. पाडव्यापासून मृगापर्यंत यंदा एक्क्याऐंशी दिवस आहेत. गेल्या वर्षी पाडवा ३० मार्चला होता, म्हणजे तेव्हा सत्तरच दिवस होते. अकरा दिवस जास्तीचे आले. आणि मृगाला पाऊस पडला तरी नवी वैरण कापायला जुलैचा मध्य उजाडतो. म्हणून पाडव्यापासून एकशेवीस दिवसांची वैरण धरा.

दुभत्या संकरित गायीला दिवसाला साधारण वीस किलो हिरवी वैरण आणि पाच-सहा किलो कोरडी वैरण लागते. दोन गायांचा हिशेब असा: दोन गुणिले वीस गुणिले एकशेवीस, म्हणजे अठ्ठेचाळीसशे किलो, जवळजवळ पाच टन हिरवी. कोरडी वैरण दोन गुणिले पाच गुणिले एकशेवीस, बाराशे किलो. घरात कडबा किती पेंढ्या आहे ते मोजा, एक पेंढी काट्यावर टाकून वजन करा, आणि गुणा. गव्हाचा भुसाही मोजा.

वीस गुंठे मका चांगली आली तर आठ-दहा टन चारा होतो, म्हणजे दोन गायांना पुरून उरतो. उरलेल्याचा मुरघास करता येतो. कणसात दाणा चिकात आला की मका कापायची, कुट्टी करायची, पिशवीत दाबून भरायची, हवा राहू द्यायची नाही. दीड महिन्यात मुरघास तयार होतो. पिशवी मोठी असेल तर एकट्या घराला भरणं जड जातं. गटातल्या चार-पाच जणींनी कुट्टीयंत्र एकत्र भाड्यानं आणलं आणि एकमेकींच्या इर्जिकीनं पिशव्या भरल्या, तर मजुरी वाचते.

हिशेबात वैरण कमी पडताना दिसली, तर निर्णय आत्ता घ्या. चैत्रात वैरण विकत घेणं आणि वैशाखात घेणं यांत भावाचा फरक पडतो. गाय विकायची झाली तरी ती चैत्रात अंगानं भरलेली असते. वैशाखात हाडं निघालेली गाय व्यापारी म्हणेल त्या भावात जाते. वैरण टाकणारे, धार काढणारे हात आपले. डेअरीचं बिल मात्र कोणाच्या खात्यावर जमा होतं, तेही वहीत लिहा.

तिसरा हिशेब जमिनीचा आणि बियाण्याचा

आधी उसाच्या पाचटाबद्दल. ऊस तुटून गेला की रानात एकरी तीन-चार टन पाचट पडतं. काडी लावली की तासाभरात रान मोकळं. काडी लावणाऱ्याचा एक तास वाचतो, पण पुढं तीन महिने खुरपं आपल्या हातात येतं. पाचट झाकलेलं असेल तर तण कमी, ओल जास्त दिवस टिकते, पाण्याची एखादी पाळी वाचते, आणि कुजून जमिनीला खत मिळतं. करायचं एवढंच: बुडख्यांवरचं पाचट सरीत ओढायचं, बुडखे कोयत्यानं जमिनीलगत छाटायचे, म्हणजे फुटवे जोमदार येतात. पाचटावर एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट टाकायचं आणि चार किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत शेणात किंवा मातीत मिसळून पसरायचं. मग पाणी द्यायचं. घरात कोणी काडीपेटी घेऊन निघालं, तर आधी विचारा, खुरपायला कोण येणार?

दुसरं, माती परीक्षण. रब्बीचं पीक निघालं आणि खरिपाचं खत पडलं नाही, असा हा मधला काळ. माती काढायला हाच बरा. एका तुकड्यात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्हीच्या आकाराचा वीतभर खोल खड्डा करायचा आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घ्यायची. झाडाखालची, बांधाकडची, उकिरड्याजवळची, दांडातली माती घ्यायची नाही. सगळी माती एका फडक्यावर मिसळायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं करत अर्धा किलो उरली की सावलीत वाळवून पिशवीत भरायची. पिशवीत चिठ्ठी: नाव, गट नंबर, आधीचं पीक, पुढचं पीक. आपल्याला बाभळेश्वरचं कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे, राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठही लांब नाही. तिथं चौकशी करा. गटातल्या दहा जणींच्या पिशव्या एकदम नेल्या तर एकाच फेरीत काम होतं. चोपण रान असेल तर हे आधी करा, कारण तिथं खताच्या गोणीपेक्षा निचऱ्याची आणि भूसुधारकाची जास्त गरज असते, आणि ते कागदावर दिसल्याशिवाय घरातले ऐकत नाहीत.

तिसरं, सोयाबीनचं घरचं बी. सोयाबीनचं बियाणं सरळ वाणाचं असतं, त्यामुळं एकदा प्रमाणित बियाणं आणलं की त्यातलं घरचं बी तीन वर्षं पेरता येतं. पण उगवण तपासून. पोतं भिजवून पिळून घ्या. शंभर दाणे मोजून, दहा-दहाच्या ओळीत त्यावर मांडा, वरून दुसरं ओलं पोतं टाका, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सहा-सात दिवसांनी उलगडून चांगले कोंब मोजा. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर एकरी तीस किलो बी पुरे. सत्तरच्या खाली जितके दाणे कमी, तितका अर्धा-अर्धा किलो वाढवायचा. साठच्याही खाली आलं तर ते बी पेरायचं नाही. सोयाबीनचं टरफल नाजूक असतं. पोती आपटू नका, फार उंच थप्पी लावू नका. आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी नाही, हे आत्ताच वहीत लिहून ठेवा. पहिल्या सरीला शेजारच्या रानात पाभर दिसली की घराघरांत घाई सुटते, तेव्हा ही ओळ कामाला येते.

चौथा हिशेब पैशाचा

आता कांदा. कांद्याच्या कामात बाईचे हात किती लागतात ते मोजा: रोप, लागण, दोन खुरपण्या, काढणी, कापणी, निवड. विकायला मात्र ट्रॅक्टरवर आपण नसतो.

कांदा टिकवायचा असेल तर काढणीच्या आधी पंधरा-वीस दिवस पाणी तोडा. निम्म्या माना पडल्या की काढा. उपटलेला कांदा पातीसकट रानातच तीन-चार दिवस सुकू द्या, पण असा मांडा की एका ओळीचे कांदे दुसऱ्या ओळीच्या पातीखाली झाकले जातील. मग इंच-सव्वा इंच मान ठेवून पात कापा, आणि सावलीत पंधरा-वीस दिवस पातळ थरात राहू द्या. जाड मानेचा, डेंगळ्या आलेला, जोड आणि चिंबलेला कांदा चाळीत टाकायचा नाही, तो आधी विकायचा. चाळ जमिनीपासून दीड-दोन फूट वर, आतून चार फुटांपेक्षा रुंद नको, थर चार-पाच फुटांवर नको, खालून-बाजूनं वारा खेळला पाहिजे.

चाळीत टाकताना एक काम करा. एक क्रेट वजन करून, खूण करून चाळीत ठेवा. दर महिन्याला त्यातला सडका काढून पुन्हा वजन करा. पन्नास किलोचा क्रेट समजा दोन महिन्यांत बेचाळीसवर आला, तर भाव आजच्यापेक्षा किमान पाचव्या हिश्शानं वाढल्याशिवाय ठेवून फायदा झाला नाही, हे सरळ कळतं. ठेवायचं की विकायचं हा नुसता नशिबाचा खेळ राहत नाही.

त्यानंतर वहीच्या दोन पानांवर बारा महिने लिहा. डाव्या पानावर येणारा पैसा: उसाचं बिल, कांदा, गहू, दूध, पेरू, शिवणकाम, पापड-कुरडयांची विक्री. उजव्या पानावर जाणारा: सोसायटीचा हप्ता, गटाचा हप्ता, वीजबिल, खत, मजुरी, शाळेची फी, लग्नकार्य, दवाखाना. प्रत्येक रक्कम तिच्या महिन्यात टाका. बहुतेक घरांत जून-जुलैत डावं पान रिकामं आणि उजवं भरलेलं दिसेल. खतासाठी उधारी किंवा सावकार त्याच दोन महिन्यांत घरात शिरतो. हे पाडव्याला दिसलं, तर थोडा कांदा त्या दोन महिन्यांसाठी राखता येतो, किंवा गटातून कर्ज हवं असल्याचं एप्रिलच्या बैठकीतच सांगता येतं. ऐनवेळी सांगितलं तर गटाच्या पेटीत तेवढे पैसे असतीलच असं नाही.

आणि मैत्रिणींनो, उजव्या पानावर एक ओळ कधीच नसते, ती घाला. घरच्या बाईचे दिवस. कांद्याच्या लागणीला आपण किती दिवस होतो, खुरपणीला किती, काढणीला किती. गावात बायांचा जो रोज चालू असेल त्यानं गुणा. हा पैसा कोणी आपल्याला देणार नाही, तो मागायचाही नाही. पण तो धरल्याशिवाय कांद्यात नफा झाला की तोटा, हे कळत नाही. पुष्कळ वेळा नफा म्हणून दिसतो तो आपला न दिलेला रोजच असतो. एखाद्या पिकात हाती काहीच उरत नाही हे असं दिसलं, तर पुढच्या वर्षी ते किती करायचं, यावर बोलता येतं.

घरात बोलायचं कसं?

गटात हे सगळं बोललो की एक प्रश्न हमखास येतो, "ताई, हे इथं ठीक आहे, पण घरात कोण ऐकणार?" प्रश्न खरा आहे. आमचा अनुभव असा की भांडून बसलेली बैठक होत नाही, आणि वही घेऊन बसलेली बैठक मोडत नाही. पाडव्याच्या आठवड्यात एक रात्र ठरवा. जेवणं झाल्यावर, टीव्ही बंद करून. नवरा, सासू-सासरे, कॉलेजला जाणारी लेक, मुलगा, सगळे. सासूबाईंना बाजूला ठेवू नका. कोणत्या वर्षी कोणत्या विहिरीला किती पाणी होतं हे त्यांना तोंडपाठ असतं. वाचून दाखवायचं काम लेकीला द्या. "तुमचं चुकतंय" असं म्हणू नका. "ड्रम तीस सेकंदांत भरला, दोन तास मोटार चालली, मग भुईमुगाला पाणी कुठून आणू या?" असं विचारा. आकड्यावर कोणी रागवत नाही. पहिल्या वर्षी सगळं ऐकलं जाईलच असं नाही. दीड एकरातल्या वीस गुंठ्यांबद्दल जरी आपलं ऐकलं गेलं, तरी पुढच्या पाडव्याला आपल्याला बोलवावं लागतं.

शेवटची गोष्ट नावाची

आता पाचवी गोष्ट. आमच्या गटांत अशा बहिणी आहेत, ज्यांना नवऱ्याच्या माघारी पहिल्यांदा कळलं की घरावर कर्ज किती आहे, कोणता गट कोणाच्या नावावर आहे, वीज कनेक्शन कोणाचं आहे. तेराव्याच्या आधी लोक पैसे मागायला आले आणि खरं-खोटं सांगायला हातात एक कागद नव्हता. रान तेच होतं, विहीर तीच होती, वीस वर्षं त्यात राबलेली बाई तीच होती. पण कागदावर ती कुठंच नव्हती.

ठिबकचं अनुदान घ्या. अल्प आणि अत्यल्प भूधारकांना ठरवून दिलेल्या खर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंत आणि बाकीच्यांना ७५ टक्क्यांपर्यंत मिळू शकतं. पण त्यासाठी सातबाऱ्यावर नाव लागतं. पीककर्ज, सोसायटीचं सभासदत्व, ई-पीक पाहणी, पीएम किसानचा हप्ता, सगळ्याचं दार सातबाऱ्यातून उघडतं. नाव नसेल तर राबणारी बाई सरकारदरबारी शेतकरीच ठरत नाही.

यासाठी वाट आहे, आणि ती महाराष्ट्रातच काढली गेली. शेतकरी संघटनेचं महिलांचं मोठं अधिवेशन १९८६ साली चांदवडला झालं. पुढं शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपल्या हातानं बायकोच्या नावावर जमीन केली. १९९२ साली शासनानं परिपत्रक काढलं, की नवऱ्यानं स्वतः अर्ज केला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावता येतं. अर्ज तलाठ्याकडं करायचा. नवऱ्याची राजीखुशी त्यात लागते, म्हणून हा विषयही भांडणाचा नाही, बैठकीचा आहे. मुलींनाही २००५ पासून वडिलोपार्जित संपत्तीत मुलांइतकाच हक्क आहे, हेही लेकीसमोर बोलायला हरकत नाही. आणि कोणा बहिणीच्या घरी दुर्दैवानं प्रसंग आला, तर वारसनोंदीसाठी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडं कळवायचं असतं. दुःखात हे सुचत नाही, म्हणून हे काम गटातल्या दोघींनी बरोबर जाऊन करून द्यायचं.

संयुक्त राष्ट्रसंघानं २०२६ हे वर्ष आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केलंय. भाषणं होतील, फलक लागतील. ते होऊ द्या. आपल्या घरापुरतं हे वर्ष साजरं करायचं असेल, तर दोनच गोष्टी पुरेत: आराखड्याच्या वहीत आपलं अक्षर आणि सातबाऱ्यावर आपलं नाव.

पुढच्या मासिक बैठकीला येताना बचतीच्या वहीबरोबर शेताची वहीही आणा. त्यात पाच ओळी भरलेल्या असाव्यात. मोटार किती तास चालली. वैरण किती दिवसांची आहे. शंभरातले किती दाणे उगवले. कोणत्या महिन्यात पैसा कमी पडणार. आणि सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावं आहेत. जिला लिहिता येत नाही तिनं सांगावं, शेजारणीनं लिहावं. कोणाची ओळ रिकामी राहिली तर ती भरायला आपण सगळ्या मिळून बसू.

येणारं वर्ष आपल्या सगळ्यांच्या रानाला पाण्याचं जावो.